पायाशी धरलेला कंदील

प्रिय चिनात्सु,

खारवलेल्या उमे फळांची बरणी पोचली असेल. यंदा मीठ जरा जास्त पडलंय, पण तुझी सुमिएआत्या म्हणते तेवढं काही बिघडलेलं नाही. तिला नावं ठेवायला निमित्तच लागतं. कोहारूचा खोकला थांबला का? तिला थंड बार्ली-चहा देऊ नकोस.

तो चाचणीचा चष्मा मी काल इस्पितळात परत करून आले. नाकावर कॅमेरा, कानामागून वायर, कमरेला बॅटरी. आरशात बघून माझं मलाच हसू आलं होतं. चाचणी घेणाऱ्या कुवाबाराबाईंनी पहिल्या दिवशी मला दिवे मंद केलेल्या बोळातून चालवलं. वाटेत खोकी आणि एक खुर्ची मांडलेली. चष्म्याविना मी खुर्चीलाच लोटांगण घातलं, चष्मा लावल्यावर सगळं चुकवत सरळ गेले. तुला ठाऊकच आहे, दिवसा मला नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसतं आणि सूर्य कलला की तेही संपतं. त्या बोळाच्या टोकाला उभी राहून मी लहान मुलीसारखी रडले. बाई म्हणाल्या, "ओबोनला, पितरांच्या सणाला, घरी न्या, खऱ्या अंधारात वापरून बघा." मी म्हटलं, "पितर दिसले तर कळवू का?" त्या हसल्या नाहीत, त्यांनी ते टिपून घेतलं!

म्हणून सणाच्या संध्याकाळी तुझ्या बाबांच्या आत्म्याला कंदिलानं वाट दाखवत घरी आणायला आपण सगळे डोंगरावरच्या कबरीपाशी गेलो, तेव्हा मी तुझा हात धरला नाही. तू म्हणालीस, "आई, धर ना मला, सावकाश जाऊ." मी ऐटीत नको म्हटलं आणि सगळ्यांच्या मागे राहिले. अंधारात मला दिसत नाही असं धरून माझ्यासमोर कुणी चेहरा सांभाळत नाही, हे मला तेव्हा कळलं. आत्या मला वेडावून दाखवत होती आणि पितरांसाठी आणलेला तांदळाच्या गोड गोळ्यांचा डांगो खुशाल तोंडात टाकत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिची गंमत मला बघायला मिळत होती.

उतरताना कंदील तुझ्याकडे होता. आत्या ओरडली, "अगं, उंच धर की! असा धरलास तर माझा भाऊ वाट चुकून शेजाऱ्यांकडे जेवायला बसेल." सगळे हसले, तूही हसलीस. पण कंदील वर गेला नाही. तो तुझ्या पावलांशीच राहिला. दुसरा हात शेवाळलेल्या भिंतीवरून सरकत होता आणि प्रत्येक पायरीआधी तुझं पाऊल चाचपत होतं. ती चाल मी ओळखते गं. ती माझी चाल आहे. मग पुढे पळालेली कोहारू परत वर आली, कुणी न सांगता तुझ्या हाताखाली तिनं खांदा दिला आणि हळूच म्हणाली, "आई, इथली पायरी मोडकी आहे." तू तिच्याएवढी असताना मला हेच सांगायचीस. आजवर मला वाटायचं, माझी लेक माझ्यासाठी जपून चालते.

काल कुवाबाराबाईंनी विचारलं, "अंधारात काय काय दिसलं?" मी आत्याचा डांगो सांगितला. तुझं नाव ओठांवर आलं आणि मी ते गिळलं, कारण आधी तुझ्याशी बोलायचं होतं. हे दुखणं तुला माझ्याकडूनच आलंय आणि ते तुला कळलेलंही आहे. मला राग नाही. तू मला सांगितलं नाहीस, मी रडेन म्हणूनच ना? नवऱ्यापासून लपवायचं तर अजून थोडे दिवस लपव. कुवाबाराबाईंकडे आपण दोघी जाऊ, तू म्हणशील तेव्हा. पण आता दिवस लहान व्हायला लागतील. तू कामावरून सुटून पाळणाघरात पोचेपर्यंत अंधार पडेल, आणि त्या ट्रकच्या रस्त्यावरून तू कोहारूला सायकलवर घेऊन येशील. सायकल सोड, चिनात्सु. आजच सोड. कुणी विचारलं तर सांग, म्हातारी हट्टाला पेटली आहे. डोंगरावर पोर तुझ्या पुढे होती, म्हणून तुला सांगू शकली. सायकलवर ती मागे बसते. तिथून तिला तुझ्या पाठीशिवाय काही दिसत नाही.

तुझीच,
आई