तुझा डाग, माझा डाग

प्रिय ताई,

तुझ्या तपासणीत काहीतरी निघालं हे कळलं आणि सगळं घर तुझ्याभोवती गोळा झालं. आईने तुझं डोकं मांडीवर घेतलं, दादाने ऑफिसला दांडी मारली, आणि एरवी पेपरात तोंड खुपसून बसणारा माझा नवरासुद्धा तुझ्यासाठी संत्री सोलत बसला. माझ्या हातावर त्याने आजवर एक फोड ठेवलेली नाही. मी जळले, ताई. लहानपणी तुझ्या केसांवर जळायचे, मग तुझ्या नोकरीवर, आता तुझ्या आजारावर. जित्याची खोड, दुसरं काय.

कॉल्पोस्कोपीला तुझ्यासोबत मीच होते, तुझी पर्स सांभाळत. डॉक्टरबाई दुर्बिणीतून दिसणारं सगळं तुला पडद्यावर दाखवत होत्या. गर्भाशयाच्या तोंडाला औषध लावलं तसा बिघडलेला भाग पांढरा पडला. त्याचा तुकडा तपासून आल्यावर त्या म्हणाल्या की हा कॅन्सर नाही, त्याच्या आधीची पायरी आहे. तेवढा भाग काढून टाकायचा आणि पुढे वेळच्या वेळी तपासत राहायचं. दुखणंसुद्धा तुझ्या वाट्याला असं सोयीचं यावं, याचाही मला राग आला.

म्हणून मीही तपासून घेतलं. काळजीपोटी नाही, निव्वळ ईर्ष्येपोटी. म्हटलं, जरा माझ्याकडेही कुणी बघू दे. चाचणीत बिघाड निघाला आणि मी त्याच टेबलावर, त्याच पडद्यासमोर झोपले. माझाही डाग पांढरा पडला, पण त्यावर जाड, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या होत्या. तुझ्या वेळी बाई सारख्या बोलत होत्या. माझ्या वेळी दाखवता दाखवता त्यांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

माझ्या तुकड्याचा रिपोर्ट काल आला. मी ती पायरी ओलांडली आहे, ताई. अगदी सुरुवात आहे, ऑपरेशनने बरं होईल म्हणतात. मला भीती वाटते. आईला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला लिहितेय, कारण तू डाग काढून घ्यायची तारीख पुढे ढकलत बसली आहेस; कधी घरी पाहुणे, कधी ऑफिसात काम, आणि काही दुखत तर नाही ना, हे तुझं पालुपद. मलाही काही दुखत नव्हतं. या सोमवारी जाऊन ये. जन्मभर पहिला नंबर तुझाच आला. हा एक माझा राहू दे, माझ्या मागे येऊ नकोस.

तुझंच,
शेपूट