पुट, अप आणि विथ

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा सध्या वाकत नाही, त्यामुळे आठांपैकी जेवढी अंगं टेकता आली तेवढी टेकली आहेत. उरलेली बरा झाल्यावर.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचं कानाचं यंत्र सापडलं का? सापडलं असेल तर मी चौकशी केली म्हणून त्यांना सांग, आणि सापडलं नसेल तर जरा मोठ्याने सांग. तू पाठवलेला फोटो मिळाला. बाई चांगल्या घरातल्या दिसतात. त्यांच्याविषयी शेवटी लिहितो. आधी गुडघ्याचं सांगतो, कारण ते दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तू फोन करशील, आणि तू फोन केलास की बोलायचं माझं राहून जातं.

गुडघ्याला कारण इंग्रजी भाषा. आमच्या कारखान्यात पाण्याचे पंप दुरुस्त होतात. (मी पंपावर पेट्रोल भरतो असं भाऊजी अजून लोकांना सांगतात. त्यांना समजावणं मी सोडलं आहे.) यंदा नवे पंप आले, त्यांच्याबरोबर इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक आलं, आणि अडलं तर विचारायला फोनवर एक साहेब आला. साहेबाचे शब्द अगदी सोपे. टर्न, शट, लेट, ड्रेन, सगळे माझ्या शाळेपासूनच्या ओळखीचे. पण प्रत्येकाच्या मागे तो एक चिमुकला शब्द चिकटवायचा, ऑफ नाहीतर अप नाहीतर आउट, आणि ते नुसतं तोंडी लावायला असावं असा माझा समज. मी थोरला शब्द धरला आणि धाकट्याकडे दुर्लक्ष केलं. (आपल्या घरातली जुनीच पद्धत.) साहेब टर्न म्हणाला, मी फिरवलं. कुठल्या बाजूला, ते त्या धाकट्यात होतं. पाणी थेट हिशेबखात्यात शिरलं. हिशेबनीस टेबलावर चढून बसले आणि तिथूनच त्यांनी माझ्या नावाने शंख केला. मॅनेजरने हुकूम काढला की सगळ्या फिटरांनी काम सुटल्यावर इंग्रजीच्या वर्गाला जायचं, हजेरी घेतली जाईल. तेव्हा मी वर्गाला जातो तो हुकमाचा ताबेदार म्हणून जातो, हे लक्षात ठेव.

वर्ग भरतो बालवाडीत, आणि तो गावातल्या सगळ्यांना खुला आहे. खुर्च्या पोरांच्या मापाच्या, त्यामुळे सगळा वर्ग गुडघे कानाशी घेऊन बसलेला असतो. भिंतीवर ससे आणि बदकं. मास्तर पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे, शिट्टी अजून गळ्यात आहे. व्याकरण डोक्यात शिरत नाही, पायांतून शिरतं असं त्यांचं मत. म्हणून त्यांनी जमिनीवर खडूने रेघ मारली, एका बाजूला क्रियापदं उभी केली, दुसऱ्या बाजूला ते चिमुकले, आणि प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवली. शिट्टी वाजली की एका क्रियापदाने रेघेशी यायचं, एका चिमुकल्याने त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, आणि जोडीचा अर्थ बाकीच्यांनी ओरडून सांगायचा. मला 'अप'ची पाटी मिळाली. मला वाटलं, कोपऱ्यात निवांत बसू. ताई, 'अप'ला बसायला मिळत नाही. उठायला अप, हात टेकायला अप, भांडी घासायला अप, फोन ठेवायला अप, मोठं व्हायलासुद्धा अप. आपल्या घरच्या कार्यात मला जेवढ्या हाका मारतात तेवढ्याच इथे. बेकरीवाल्याला 'फ्रॉम' मिळाला. त्याला कोणी बोलावत नाही. तो दाणे खात बसतो.

मी तटस्थपणे पाहिलं आहे आणि माझं मत झालं आहे की इंग्रजी क्रियापद एकटं असतं तेव्हा सज्जन असतं. 'गिव्ह' हा देणारा माणूस. शेजारी 'इन' आला की तो नमतं घेतो, 'अवे' आला की लोकांची गुपितं फोडत सुटतो. सगळा संगतीचा परिणाम. मी हे मास्तरांना म्हणालो, तर ते म्हणाले, आपण काय कमी आहोत? 'बोलून गेलो' म्हणताना कोण कुठे जातं? 'करून बसलो' म्हणताना खुर्ची कुठे असते?

'पुट'ची पाटी पडदेवाल्या बाईंकडे आहे. त्या पडदे शिवतात आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन लावून देतात, आणि मोठी हॉटेलं इंग्रजीत बोलतात म्हणून वर्गाला येतात. नवरा फार पूर्वी गेला. घरी त्या आणि सासूबाई. सासूबाईंना, म्हणजे आजींना, घरी एकटं करमत नाही, म्हणून त्याही येतात. नुसत्या बसल्या आहेत म्हणून मास्तरांनी त्यांच्याही गळ्यात पाटी घातली, 'विथ'ची. 'पुट'ला मागणी खूप. 'ऑन' आला की कपडे चढवायचे, 'आउट' आला की दिवा विझवायचा, 'ऑफ' आला की काम लांबणीवर टाकायचं. ('ऑफ' म्हणजे पोस्टमन. उंच माणूस आहे. त्याच्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही.) बाई प्रत्येकाशेजारी सारख्याच शांतपणे उभ्या राहतात. माझ्याशेजारी उभ्या राहिल्यावर अर्थ होतो टांगणे, लावणे. मास्तरांनी घरचा अभ्यास दिला की प्रत्येक जोडीने आपलं क्रियापद प्रत्यक्ष करून दाखवायचं. बाईंचं दातांच्या दवाखान्यात पडद्याचं काम होतंच. तेव्हा पुट आणि अप दवाखान्यात गेले, आणि अर्थात विथही.

मी शिडीवर, बाई खालून पडदा देताहेत, आजींच्या हातात शिडी. शिडी धरण्यापुरतंच त्यांचं काम होतं, पण त्यांना पडद्याच्या चुण्या पसंत पडेनात. त्या लांबून बघायला मागे गेल्या आणि शिडी बरोबर घेऊन गेल्या. मी, दांडी आणि पडदा असे एकदमच खाली आलो. बसलेल्या पेशंटांपैकी एक जण आपली दाढ विसरून हसला. डॉक्टर आले, पण ते दातांचे. बाईंनी निळ्या कापडाची लांब पट्टी फाडून गुडघ्याला बांधली, इतकी नीट की मी अजून सोडलेली नाही. मग दांडी खांद्यावर घेऊन त्या मला माझ्या दारापर्यंत सोडायला आल्या. (आजी मागे राहिल्या होत्या, चुण्या सारख्या करत.) वाटेत इकडचं तिकडचं बोलणं झालं.

पुढच्या वर्गाला मास्तरांनी शिट्टी वाजवून तिघांना रेघेवर उभं केलं. पुट, अप, विथ, याच क्रमाने. यांना तोडता येत नाही, ते म्हणाले, आणि फळ्यावर अर्थ लिहिला : निमूटपणे सोसणे. वर्ग हसला. आजींनी फळ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग गळ्यातली पाटी काढून बदकाच्या चित्राखालच्या खुर्चीवर ठेवली आणि म्हणाल्या, "मला कोणी सोसू नका." आणि चालू लागल्या. बाई त्यांच्या मागे गेल्या. मी एकटा रेघेवर पाटी घालून उभा. ताई, मला फार वाईट वाटलं. आता या महिनाअखेर वर्गही बंद होतोय, बालवाडीला खोली हवी आहे. माझं काही अडणार नाही. इंग्रजी मला पुरेसं येतं.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार (मोठ्याने), भाचीला आशीर्वाद. गुडघ्याची काळजी करू नकोस, माझी केलीस तर चालेल.

तुझा,
धाकटा

ता. क. फोटोतल्या बाईंना नाही म्हणून कळव. त्यांच्यात काही उणं नाही.

ता. क. दुसरा. त्या दिवशी वाटेत इकडचं तिकडचं बोलता बोलता मी पडदेवाल्या बाईंना विचारून बसलो. त्या थांबल्या, दांडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि म्हणाल्या, "मनात नाही असं नाही. पण आईंना टाकून मी कुठे येऊ?" मी म्हटलं, टाकायला कोण सांगतंय, त्यांनाही घेऊन या. त्या म्हणाल्या, "त्या यायच्या नाहीत. फार मानी आहेत." आणि मग तो फळा. ताई, पत्र एवढं लांबवलं ते यासाठी. तू ये आणि आजींशी बोल. म्हातारी माणसं तुझं ऐकतात, आणि मला वर्ग बंद व्हायच्या आत कळायला हवं. दुपारी आजी गुडघ्याला लेप घेऊन आल्या आहेत, पण माझ्याशी एक अक्षर बोलत नाहीत. पत्रपेटी त्यांच्या दाराशी आहे म्हणून हे त्यांच्याच हाती देतोय. पाकीट घट्ट चिकटवतोय.

ता. क. तिसरा. सौ. ताईंना अनेक आशीर्वाद. अक्षर वेगळं दिसेल, मी त्या मुलीची सासू. पाकीट आपोआप उघडलं. (किटलीच्या वाफेवर धरलं होतं.) शिडी मी नेली नाही, यांनी सोडली. निळं कापड हॉटेलच्या ऑर्डरचं होतं. आणि हुकमाचं म्हणाल तर कारखान्याची बाकीची माणसं वर्गाला यायची केव्हाच थांबली, हजेरी कोणी घेत नाही. हे एकटेच येतात, केस विंचरून. तुम्ही अवश्य या. मला खिडकीजवळची खोली हवी आणि माझ्या कामात कोणी लुडबुड करायची नाही, एवढंच ठरवायचं आहे. मला सोसू नका, असं मी म्हणाले होते. येणार नाही, असं कुठे म्हणाले होते? दोघांपैकी एकानेही मला विचारलं नाही.