अंगणात शिरलेला नियम

नाशिक, ता. ११ डिसेंबर १९३६

प्रिय साहेब,

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी ही हाक माझ्या तोंडी बसत नाही. पण शिपायांसमोर 'अहो' म्हणू नकोस, साहेब म्हण, असं तुम्हीच बजावलंत, तेव्हा पत्रातही तेच. तुमचं पत्र काल पोचलं. आबांचा मोतीबिंदू नीट निघाला का, ही एक ओळ. मी कशी आहे, ही अर्धी ओळ. आणि उरलेली तीन पानं तुमच्या गोटीराम कारकुनावर. त्यानेच म्हणे हारुन विणकराच्या वकिलाला कलम काढून दिलं, त्यानेच भर कोर्टात म्युनिसिपालिटीचं नाक कापलं, आणि येत्या सोमवारी तुम्ही त्याला बडतर्फ करणार. वर मला हुकूम, की आबांनी जन्मभर वकिली केली आहे, त्यांना विचारून कळव, बडतर्फीचा कागद कसा लिहिला म्हणजे कुठलंही कोर्ट तो फिरवू शकणार नाही. आबांच्या डोळ्यावर पट्टी आहे, म्हणून सगळं पत्र मीच वाचून दाखवलं. ते इतके हसले की डॉक्टरांनी हसायला मनाई केली आहे याची मला आठवण करून द्यावी लागली. मग म्हणाले, "चिमणे, जावईबापूंना अजून कळलं नाही का, की कोर्टाने त्यांना नेमकं काय सांगितलं ते?" नाही कळलेलं. म्हणून मीच सांगायला बसले आहे.

तुमचा तो थोर नियम जन्मला कुठे, हे कोर्टापुढे कुणी सांगितलं नाही. मला माहीत आहे, कारण ती पाटलोण मी धुतली. म्युनिसिपालिटीचे चीफ ऑफिसर म्हणून गावात येऊन तुम्हाला पुरता महिना झाला नव्हता. नवी कोरी सायकल घेऊन भल्या सकाळी तुम्ही मोमीन विणकरांच्या गल्लीत शिरलात. गल्लीभर ताणा लावलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं सूत ताणलेलं, आणि घरची सगळी माणसं कुंच्यांनी त्याला ज्वारीची खळ पाजत होती. पाजण चालू असली की तिथून वरातसुद्धा वळून जाते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्ही मात्र घंटी वाजवलीत! घंटी वाजवली की शंभर हात सूत बाजूला सरकेल, असं वाटलं तुम्हाला. आडवे पडलात, गुडघ्यापर्यंत खळ लागली, आणि हारुनने कुंचा टाकून तुम्हाला उठवलं, कपडे झटकले, पाणी दिलं. त्याच्या हातचं पाणी पिऊन तुम्ही घरी आलात आणि दुपारच्या आत मसुदा तयार. रस्त्यावर पाजण बंद. एका पाटलोणीसाठी सबंध गावाला कायदा! धन्य!

बरं, रस्ता म्हणजे रस्ता. येणाऱ्याजाणाऱ्याची अडचण होते म्हणालात, मीही गप्प राहिले. विणकर तुमच्यापेक्षा शहाणे. त्यांनी गल्ली सोडली. हारुनने शेळ्यांचं छप्पर मोडलं, शेजारच्या महेबूबने मधली भिंत पाडली, आणि दोघांच्या अंगणांत मिळून ताणा लागायला लागला. रस्ता मोकळा, लोक मोकळे, तक्रार कुणाचीच नाही. पण तुमचा जीव कसा निवेल? ज्यांनी तुम्हाला पडताना पाहिलं ती माणसं अजून पोट भरत होती ना! मग नियमात तुम्ही चार शब्द वाढवलेत: 'अगर कोणत्याही मोकळ्या जागेत'. ते शब्द सुचले तेव्हा जेवता जेवता मांडीवर थाप मारलीत. मी वाढत होते, मला आठवतं. इतका आनंद तुम्हाला मी लग्नात पाहिला नव्हता.

आणि मग तुमचा बहिरू शिपाई हारुनच्या अंगणात शिरला. खळ पाजायला नुकती सुरुवात झालेली. ओल्या सुताला खळ लागली की ते वाळेपर्यंत कुंचा थांबवता येत नाही. थांबला की धागा धाग्याला चिकटतो आणि सगळा ताणा काठीसारखा कडक होऊन बसतो. नूरबानो, हारुनची बायको, बहिरूला हात जोडून म्हणाली, "भय्या, दो घंटे ठहर जाओ, फिर जो करना है करो." बहिरूचे डोळे भरून आले होते, हे त्यानेच मला सांगितलं, पण साहेबांचा हुकूम. हारुनला चावडीवर नेला, बायकांना आत लोटलं, आणि दुपारी त्या अंगणात महिनाभराचं सूत जळणालाही लागू नये असं होऊन पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी नूरबानो आपल्या मागच्या दारी आली. मी अंगावर नेसते ती लुगडी तिच्याच मागावरची, हे तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही लुगडं बघता कुठे? रडली नाही. भरपाई मागितली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाई, अंगन हमारा है के म्युनिसिपालिटीका? साहेबसे इतना पूछके बताव." मी त्याच रात्री जेवताना विचारलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, नियम करायचा अधिकार मला आहे, आणि बायकांनी कायद्यात तोंड घालू नये. साहेब, लग्नाआधी सहा वर्षं, पहिल्या डोळ्याचा मोतीबिंदू काढेपर्यंत, आबांना वाचायला दिसत नव्हतं तेव्हा त्यांची कायद्याची पुस्तकं मोठ्याने वाचणारं तोंड हेच होतं. तुम्ही मुलगी बघायला आलात तेव्हा हे मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही त्या वेळी पोहे खात होतात.

तुम्हाला वाटतं, सही केली की नियम झाला. अहो, तुमच्या सहीत जोर येतो तो कायद्यातून, आणि कायदा देईल तेवढाच येतो. ज्या कलमाखाली तुम्ही नियम केलात त्याने म्युनिसिपालिटीला अधिकार दिला आहे तो रस्त्यावरची अडचण दूर करण्यापुरता. रस्त्याच्या नावाखाली तुम्ही माणसाच्या घरात शिरलात, त्याचा धंदा बुडवलात. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटने हारुनला दंड ठोकला, कारण त्यानेही कलम वाचायची तसदी घेतली नाही. नाशिकच्या जज्जांनी वाचलं. हारुनचं अंगण रस्त्यात कधीपासून आलं, असं त्यांनी तुमच्या वकिलाला विचारलं तेव्हा तो घोटभर पाणी प्यायला, हे इथे सगळ्या वकिलांत अजून चवीने सांगतात. दंड रद्द, वाढवलेले चार शब्द रद्द. जज्जांनी एवढंच सांगितलं, की दिला आहे त्यापलीकडे अधिकार नाही. आबा हेच विचारत होते, तुम्हाला कळलं का. आणि तुम्ही त्यातून काय शिकलात? तर आता कोर्टाला पोचता येणार नाही असा कागद हवा. लाज वाटली हो मला. आबांना वाचून दाखवताना मान खाली गेली.

गोटीरामने तुमच्या कचेरीत बावीस वर्षं काढली. तुमच्यासारखे पाच साहेब त्याने आले-गेले पाहिले आणि प्रत्येकाच्या मसुद्यातल्या चुका न बोलता दुरुस्त केल्या. कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे, म्हणून चोर तो! तुमच्याकडे पुरावा म्हणाल तर ती एक चिठ्ठी. हारुनच्या वकिलाने कलमाच्या पानात खुणेला ठेवलेली. तो पुस्तक टेबलावर टाकून पाणी प्यायला गेला आणि तुम्ही ती उचलून खिशात घातलीत. दुसऱ्याचे कागद उचलायचा अधिकार कुठल्या कलमात आहे ते मी विचारत नाही. तीन आठवडे ती चिठ्ठी तुमच्या टेबलावर आहे. गोटीरामकडून तुम्ही चार वेळा तोच मजकूर लिहवून घेतलात, अक्षर जुळेना, तरी तुमचं म्हणणं की लबाडाने मुद्दाम अक्षर बदललं आहे. तो जेवत नाही, असं त्याच्या बायकोने, लंकाबाईने, मला कुणाकडून तरी लिहवून कळवलं आहे.

तर आता ऐका. तुमच्या टेबलावरचंच पुस्तक तुम्ही फिरतीवर गेलात त्या दुपारी मी उघडलं. कलम मी शोधलं, चिठ्ठी मी लिहिली, आणि पिठाच्या डब्यात घालून नूरबानोच्या हाती मी दिली. अक्षर बदललेलं नाही. बदलायचं सुचलंच नाही मला. तुम्ही बघताक्षणी ओळखाल आणि घरात काय व्हायचं ते होईल, अशी मनाची तयारी करून बसले होते. तुम्ही ती कोर्टातून घरी आणलीत, दिव्यापाशी धरलीत, मलाही दाखवलीत आणि विचारलंत, हे कुणाचं अक्षर असेल गं? अकरा वर्षं माझी पत्रं येतात तुम्हाला. सोमवारच्या आत हे पत्र त्या चिठ्ठीशेजारी ठेवून बघा, आणि गोटीरामला घरी जेवायला पाठवा.

तुमचीच,
चिमणा