गळका पोहरा

प्रिय ऋता,

तुझा फोटो पोचला. लाल जाड कपड्यांत तू अशी गुंडाळली आहेस की आई आधी म्हणाली, ही आपलीच कशावरून? मग तिने नाक ओळखलं आणि लगेच पुढची काळजी सुरू केली, की असल्या थंडीत ही पोरगी केस कधी धुते. इथे सिंगापुरात, हौगांगला सगळं नेहमीसारखं. तुझ्या भावाला, सौमित्रला मराठीत विचारावं, त्याने इंग्रजीत उत्तर द्यावं. माझ्या एकादश्या चालू आहेत. फक्त या वेळी राजगिऱ्याचं निम्मं पाकीट मी कारखान्यात नेलं, म्हणून आईची बोलणी खाल्ली. उपास फळावर काढला. राजगिरा कशाला नेला ते सांगतोच.

तू पाठवलेलं समुद्रतळाचं चित्र मी कामाच्या टेबलाशी लावलं आहे. तुआसला आमच्या कारखान्याच्या शेडमध्ये घामाने शर्ट चिकटलेला असतो आणि समोर तो बर्फाळ पाण्याखालचा चिखल. आधी मला त्यात नुसता चिखलच दिसला होता. तू फोनवर एकेक दाखवलंस तेव्हा दिसायला लागलं: चिखलाच्या नळ्या बांधून राहणारे किडे, अर्धे पुरलेले शिंपले, आणि पंगतीत वाढप्याची वाट बघत बसल्यासारखे काटकुळे हात वर केलेले तारामासे. वसंतात बर्फ मागे सरलं की वरून जे झरत येतं, त्यावर या सगळ्यांचं वर्षभर भागतं, असं तू म्हणालीस. सकाळी उठल्यावर पाय टेकण्याआधी जमिनीला हात लावून क्षमा मागायची सवय मला तुझ्या आजीने लावली. हल्ली हात लावताना ही तळाची मंडळीही डोळ्यांपुढे येतात. पाण्याखाली असली तरी जमीन तीच.

तुझ्या प्रोफेसरबाईंनी त्या तळाचा चिखल वर काढणारा पोलादी पंजा आमच्याकडून करून घ्यायचं ठरवलं, ते तू माझं नाव सांगितलंस म्हणून. तुमची बोट बर्फ हटल्यावर एकदाच निघते, त्याआधी तो पोचायला हवा, हे पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात होतं. रविवारीही जाऊन काम केलं. शैलेंद्र, आमचा गोरेगावकर मॅनेजर, दिवाळीला घरी आला होता तोच, येता-जाता म्हणायचा, श्रीनिवासराव, लेकीच्या लग्नाचे दागिने घडवत असल्यासारखे बसलाय.

पंजा झाला देखणा. दोरावरून खाली जातो, चिखलात रुततो, जबडे मिटतात, घासभर तळ वर येतो. पण मिटल्यावर एका कोपऱ्यात बारीक फट राहते. ड्रॉइंगप्रमाणे तेवढी चालते. मला मात्र तुझं एक वाक्य आठवत होतं, की तुमच्या चाळणीवर उरणारे सगळ्यांत लहान जीव राजगिऱ्याच्या दाण्याएवढे असतात. म्हणून टाकीत चिखल भरला, त्यात भिजवलेला राजगिरा कालवला, वर पाणी सोडलं आणि पंजा टाकला. वर ओढताना त्या कोपऱ्यातून गढूळ धार सुटली आणि तिच्याबरोबर दाणे टाकीभर पसरले. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, दर वेळी तेच.

मला आमच्या शाळेमागची विहीर आठवली. मी नुकताच पाणी शेंदायला लागलो होतो. पोहरा वर येईपर्यंत निम्मा व्हायचा. मी घरी येऊन सांगितलं, विहीर आटली. तुझी आजी माझ्याबरोबर विहिरीवर आली, पोहरा उलटा करून उन्हाकडे धरला आणि म्हणाली, बघ, उजेड दिसतो का? विहिरीला नावं ठेवण्याआधी पोहरा बघत जा.

तुमच्या मोजणीवर त्या भागात मासेमारीची तळ खरवडणारी जाळी टाकायची की नाही हे ठरणार आहे, असं तूच सांगितलं होतंस. दाण्याएवढे जीव वाटेतच गळाले, तर तुझ्या चाळणीवर थोडेच उरतील. तू प्रामाणिकपणे थोडेच लिहिशील. वाचणारा म्हणेल, इथे कोणी राहत नाही, खुशाल खरवडा. शैलेंद्रचं म्हणणंही खोटं नाही. ड्रॉइंगमध्ये बसतंय, गिऱ्हाईक तुमचीच पोरगी, बोट सुटायला आली, मग श्रीनिवासराव, तुम्ही भांडताय कोणाशी? मी टाकी धुवायला घेतली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पंजा निघालेला नाही. शुक्रवारच्या विमानात त्याची जागा राखली होती, पण तपासणीवर माझी सही लागते आणि ती मी केली नाही. जबडे पुन्हा घासून जुळवेपर्यंत तुमची बोट निघून जाईल, म्हणजे तुझं एक वर्ष मी अडवलं. सोमवारी तुम्हाला कंपनीचं तांत्रिक अडचणीचं पत्र येईल, त्यात माझं नाव नसेल. ते तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे हाताने लिहून फोटो काढून पाठवतोय. फोन केला नाही, कारण तू एकदा बाबा, प्लीज म्हणालीस की माझं काही खरं नसतं. आई माझ्याशी बोलत नाहीये. सौमित्र त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणतो, बाबा, शी विल बी सो अँग्री ला. खुशाल रागाव. पण तू पाठवा म्हणालीस तरी मी सही करणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात हा पंजा रिकामा वर आला, तर बेलाशक रिकामा लिही, माझी हरकत नाही. उद्यापासून जबडे घासायला घेतोय. येताना राजगिऱ्याचं नवं पाकीट आणलं आहे. त्यातला एकही दाणा टाकीत सांडला नाही, की त्या दिवशी सही.

रागावलीस तरी तुझाच,
बाबा