पाण्यात सोडलेला श्वास

रविवार, दिवेलागणीनंतर

मनू झोपली म्हणून लिहिते. घर खाडीला लागून, आणि पोर सारखी पाण्याकडे धावते. परवा घसरून पडलीच. गुडघाभर पाणी होतं, तरी मी काठावर नुसती ओरडत उभी. म्हणून नणंदेकडून पोहायला शिकतेय.

आज पण भरतीला खाडी भरल्यावर श्वास धरूनच पाण्यात गेले. छाती फुटायला आली. नणंद हसायला लागली. "गो वैनी, पाणी काय माझी आई आहे, एवढी घाबरतेस? चूल फुंकतेस तशी पाण्यात फुंक. मग तोंड बाजूला काढ, श्वास आपला येतो."

फुंकलं. कानाशी बुडबुडे. तोंड वळवलं तर खरंच श्वास आला. परत फुंकलं. खाली सगळं हिरवं, आवाज कसला नाही, नुसते ते बुडबुडे. अंग कापसासारखं हलकं. किती वेळ तशी होते काय माहीत.

काठाला आले तर मनू सासूबाईंच्या कडेवर आई आई करून रडत होती. मला ऐकूच आलं नव्हतं. पाण्यात मला ती आठवलीच नाही. हिच्यासाठीच शिकतेय ना मी? मग ते बुडबुडे अजून कानात गोड का लागतायत?

उद्या भरती कधी, ते नणंदेला विचारून ठेवलंय.