दारामागचा कोपरा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून सुरू! मुख्याध्यापिकांनी नाक मुरडलंच — चित्रकलेच्या तासाला विचार कसला शिकवता? म्हटलं, मुलं नीट बघायला लागली की विचारही करायला लागतात.

बेत साधा. दर रविवारी घरातला एकच कोपरा काढायचा, दिसेल तस्सा. सोमवारी फळ्यावर लावायचा. मुलांनी बदल शोधायचे. कुठल्याच उत्तराला मी ‘चूक’ म्हणायचं नाही, फक्त ‘कशावरून?’ विचारायचं.

पहिलं चित्र दारामागचं. खुंट्यांवर ह्यांचा कोट, टोपी, माझी छत्री. खाली ह्यांचे जाडजूड बूट आणि आमच्या ठमीचे चिमुकले.

सोमवार, १०

पोरं भारी बिलंदर! टोपी नाही, लगेच पकडलं. काढताना माझ्याही लक्षात आलं नव्हतं. ऑफिसात राहिली असेल, म्हणाले हे.

सोमवार, १७

आज कोट नाही. घरून निघताना विचारलं होतं, तर म्हणे धुवायला टाकलाय.

खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला. एकटक बघत बसते म्हणून सगळे तिला टकमक म्हणतात.

"बाई, इथला माणूस चाललाय. एकदम नाही, थोडा थोडा."

वर्ग हसला. मीही हसले. कशावरून?

"जातंय ते त्याचंच जातंय. छत्री आहे ना अजून."

मी चित्र उतरवायला फळ्याकडे वळले. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि तो एकटा नाही जाणार."

"चूक," मी म्हणाले. नियम माझा, मोडलाही मीच. कशावरून, ते विचारलंच नाही.

मंगळवार, १८

चित्र पुन्हा बघितलं. छोट्या बुटांना नव्या नाड्या! मीच काढल्यात, गाठीसकट. पण मी आणल्या नाहीत.

बुधवार, १९

जुन्या तुटल्या होत्या, म्हणाले हे. मान वर न करता. ठमीला विचारलं, तर खुदकन हसली.

"बाबांनी सांगितलंय, आईला सांगायचं नाही. गंमत आहे."

रविवारी माझा वाढदिवस! तेच असणार. उगाच साप साप म्हणून भुई धोपटत बसले.

रविवार, २३

सकाळी दोघं केक आणायला गेले. दिवे लागायची वेळ झाली. ह्यांचा फोन बंद.

कोपरा काढला. एक छत्री, लगेच झाला. ठमीचं कपाट उघडायचा धीर होत नाही.

येतील.

कशावरून?