‘क’चा तास

प्रिय खारूताई,

हे नाव मीच तुला दिलं होतं, खिशात शेंगदाणे दडवायचीस म्हणून. माझ्या ओठांवरून ते बरोबर ओळखायचीस. आता पस्तिशी ओलांडली असशील. तुझ्या वर्गातल्या एकीकडून पत्ता मिळाला. मी तुमच्या कर्णबधिर मुलींच्या शाळेतल्या बोलण्याच्या तासाच्या बाई. आठवते ना?

हे गेल्यापासून या दोन खोल्याही मला मोठ्या पडतात. लेक दर रविवारी फोन करून जेवलीस का विचारते, मी हो म्हणते, की झालं आमचं बोलणं. एरवी मी कपबशीशी बोलते. आयुष्यभर दुसऱ्यांना बोलायला शिकवलं, आणि आता घरात ऐकायला कुणी नाही.

मग तुमचा वर्ग आठवतो. भिंतीवरचा लांब आरसा, ‘प’ म्हटलं की फडफडणारी कागदाची पट्टी. ‘क’ ओठांवर दिसत नाही, म्हणून तुझी बोटं माझ्या गळ्यावर ठेवायचे. गुदगुल्या मला व्हायच्या आणि हसायचीस तू. मी सिस्टरांच्या शाळेत वाढलेली. तिथे हाताची घडी, तोंडावर बोट. तुमच्या वर्गात मी तोंडावरचं बोट काढलं, पण घडी तशीच ठेवली. मुलं हातांनी बोलू लागली की तोंडाने बोलत नाहीत, असं आम्हाला शिकवलं होतं आणि मला ते मनापासून पटलं होतं. कुणी खुणा केल्या की मी म्हणायचे, माकडं आहात का? हातांवर बसा. आणि तुम्ही सगळ्या निमूट आपापल्या हातांवर बसायचात.

तू आठ वर्षांची असतानाची एक सकाळ आहे. तू धावत वर्गात आलीस आणि दोन्ही हातांनी भराभर काहीतरी सांगू लागलीस. डोळे झाकलेस, मूठ हवेत फिरवलीस, वसतिगृहाकडे बोट दाखवलंस. मी तुझे हात धरून खाली दाबले. तोंडाने सांग, म्हटलं. तू दोनदा अडखळलीस, मग सगळा जीव गोळा करून म्हणालीस, कुलूप.

इतका स्वच्छ ‘क’ त्या वर्गात कुणी काढला नव्हता. मी तुला कडेवर उचलून घेतलं, तक्त्यावर चांदणी चिकटवली, शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलावून तुझ्याकडून तो शब्द आणखी तीनदा म्हणवून घेतला. तिसऱ्या वेळी तू रडत होतीस. मी सगळ्यांना सांगितलं, बघा, आनंदाने रडतेय पोर.

तुझा फ्रॉक मागून ओला होता, खारूताई. कडेवर घेतलं तेव्हा माझ्या हाताला लागला होता. त्यानंतर वर्षभर तू माझ्या तासाला तोंड उघडलं नाहीस, आणि मी शेरा लिहिला, हट्टी. मग तुझे मामा येऊन तुला घेऊन गेले.

गेल्या महिन्यात वसतिगृहाच्या चौकशीवाल्या दोघी माझ्याकडे आल्या. गादी ओली केलेल्या मुलींना मेट्रन कपड्यांच्या कोठीत कोंडायच्या, दिवा न लावता. अंधारात त्या मुलींना एकमेकींचे हातसुद्धा दिसायचे नाहीत. यंदा एक सहा वर्षांची पोर तिथे बेशुद्ध सापडली, तेव्हा हे बाहेर आलं. संस्थेचं म्हणणं, इतक्या वर्षांत एकाही मुलीने कधी तक्रार केली नाही. त्याच मजकुराचा कागद त्यांनी माझ्याकडेही सहीसाठी पाठवलाय.

मी सही करणार नाही. माझी जुनी टाचणवही माळ्यावरून काढली आहे. तारखेसकट लिहिलंय, ‘आज कुलूप शब्द स्पष्ट.’ गुरुवारी सुनावणीत ती वही त्या चौकशीवाल्या दोघींना देईन आणि सांगेन की तक्रार झाली होती, माझ्याकडे झाली होती. मुलगी कोण, ते तू हो म्हटल्याशिवाय सांगणार नाही. तू आलीस तर तिथे हातांची भाषा जाणणारी एक बाई असेल. तुझे हात कुणी धरणार नाही. मला ती भाषा अजून येत नाही. तू काय सांगतेस ते मला त्या बाईंच्या तोंडूनच कळेल. मी मागच्या बाकावर बसून शेवटपर्यंत ऐकेन.

तुझीच,
बाई